‘पारंपरिक’ लिहून हात झटकू नका: फ्लॅमेंको गिटारची टॅब वाटणाऱ्या मित्रांना खुलं पत्र

मित्रहो,

पुणे, मुंबई, बंगळुरू ते थेट न्यू जर्सी असा आपला फ्लॅमेंको गिटारवेड्यांचा गोतावळा पसरलाय. संख्येने किरकोळ, पण उत्साह दांडगा. आपल्यात शिकवण्या घेणारे आहेत, नोकरी सांभाळून रात्री हेडफोन लावून एकेक स्वर कागदावर उतरवणारे आहेत, आणि एकही पान न वाजवता सगळ्या पीडीएफ जमा करणारेही आहेत. तिघांशीही बोलायचंय.

आपलं सामाईक फोल्डर फुगत चाललंय, याचा मला आनंदच आहे. इथे अंदालुसियातला, म्हणजे फ्लॅमेंकोच्या दक्षिण स्पेनमधल्या माहेरचा, कुणी उस्ताद शेजारी राहत नाही. पुस्तकं मागवायची तर किमतीपेक्षा टपाल आणि कस्टमचाच खर्च जास्त. अशा वेळी कुणी सोलेआ या फ्लॅमेंको प्रकाराची नीट लिहिलेली टॅब (कुठली तार, कुठलं घर ते सांगणारे आकडे) पाठवली की उपकारच वाटतात. माझी तक्रार आहे ती पानाच्या उजव्या कोपऱ्याबद्दल. जिथे संगीतकाराचं नाव यायला हवं तिथे आपल्याकडे सर्रास एकच शब्द दिसतो, ‘पारंपरिक’. सोलेआ? पारंपरिक. बुलेरियास? पारंपरिक. ग्रानाइना? तीही पारंपरिक. आणि त्याच पानाच्या तळाशी टॅब लिहिणाऱ्याचं नाव, फिकट वॉटरमार्कसकट, ‘परवानगीशिवाय वापरू नये’ अशा दमासह! ज्याने संगीत केलं तो अनाम आणि ज्याने ऐकून उतरवलं त्याचे हक्क राखीव, हा न्याय कुठला?

यामागे एक समजूत आहे. फ्लॅमेंको म्हणजे लोकसंगीत, लोकसंगीत म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कॉपीराइटचा प्रश्नच नाही. यातलं पहिलं विधान अर्धंमुर्धं खरं आहे, दुसरं त्याहून कमी, आणि तिसरं तर सरळ चूक.

आधी खरोखर पारंपरिक काय ते बघू. सोलेआचा बारा मात्रांचा कोंपास, म्हणजे तालचक्र, आणि त्यातले 3, 6, 8, 10 आणि 12 वरचे ठोके. ‘पोर आरिबा’, म्हणजे मी स्वराच्या बैठकीत, वाजवताना ला मायनर, सोल, फा, मी असं पायरी-पायरीने खाली येणं. गायकाला आत बोलावण्याची खूण, कोंपास मिटवणारा रेमाते, बोटांनी तारा झोडपण्याचे, म्हणजे रास्गेआदोचे, ठरलेले आघात. हे कुणाच्या बापाचं नाही. एखाद्याने उद्या ‘सिगिरियाचे ठोके माझे’ म्हणून दावा लावला, तर हेरेसमधलं शेंबडं पोरही हसेल. या गोष्टी लिहा, वाटा, भिंतीवर रंगवा.

फाल्सेता मात्र वेगळी. गायक दम खातो त्या फटीत गिटारवाला दोन-चार कोंपासांचं स्वतःचं वाक्य टाकतो, ती फाल्सेता. ती सोलेआच्या चौकटीत असते, पण सोलेआ नसते. आपल्याला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. यमन कुणाच्या मालकीचा नाही आणि त्रितालही नाही, पण यमनमधली एखादी बंदिश कुणीतरी बांधलेली असते. राग मोकळा आहे म्हणून बंदिशही बेवारस, असं आपल्याकडचा कुठलाही गवई म्हणणार नाही.

कोर्टातही नेमका हाच वाद अलीकडे गाजला. डागर घराण्यातल्या धाकट्या डागरबंधूंची अडाणा रागातली ‘शिवस्तुती’ आणि ए. आर. रहमान यांचं ‘पोन्नियिन सेल्वन 2’ मधलं ‘वीरा राजा वीरा’ हे गाणं यांवरून. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एप्रिल 2025 मध्ये डागर घराण्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रागाची मालकी तिथे कुणीच मागत नव्हतं. खंडपीठ अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. एखादी रचना कुणी गायली, तिची ध्वनिमुद्रिका आहे, एवढ्यावरून ती त्यानेच रचली असं प्रथमदर्शनी धरता येत नाही. फाल्सेताचं दुखणंही हेच आहे. एखाद्या जुन्या तबकडीवर एखादी फाल्सेता वाजते, म्हणजे ती वाजवणाऱ्याचीच, की त्याने आपल्या गुरूकडून, काकाकडून, शेजारच्या गल्लीतल्या गिटारवाल्याकडून उचललेली? कित्येकदा सांगता येत नाही. पण ‘सांगता येत नाही’ आणि ‘कुणाचीच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द नेमका तो फरक पुसून टाकतो.

खुद्द फ्लॅमेंकोच्या दुनियेतही ही गोष्ट एका रात्रीत ठरलेली नाही. निन्यो रिकार्दो या सेव्हियाच्या गिटारवाल्याचा एक काळ असा होता, की पुढची अख्खी पिढी त्याच्याच फाल्सेता वाजवत मोठी झाली. अल्खेसिरासचा पाको दे लुसियाही त्यातलाच. पाको कोवळ्या वयात होसे ग्रेको यांच्या नृत्यसंस्थेबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तिथे साबिकास त्याला भेटले. मूळचे पांप्लोनाचे, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले. पोराने रिकार्दोच्या फाल्सेता सफाईने वाजवून दाखवल्या. साबिकासांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गिटारवाल्याने स्वतःचं संगीत वाजवलं पाहिजे. पाकोने पुढे काय केलं ते जगाला ठाऊक आहे. मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ‘स्वतःचं’ आणि ‘दुसऱ्याचं’ हा भेद स्पेनमधल्या वकिलांनी बाहेरून आणून लादलेला नाही. तो त्या गिटारवाल्यांच्या बोलण्यातच होता. ‘ही रिकार्दोची’, ‘ही मोंतोयाची’, असं ते एकमेकांना नाव घेऊन सांगत आले. नाव गाळायची सवय आपली, त्यांची नाही.

लिहिणारा आणि रचणारा यांची गल्लत झाली की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा पाकोचंच. ‘एन्त्रे दोस आग्वास’ ही रुंबा 1973 च्या अल्बममधली. आपल्यापैकी निम्मे लोक तिच्यामुळेच गिटारकडे वळले असतील. पाकोला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. नोंदणीसाठी तर कागद लागायचा. तो कागद होसे तोर्रेग्रोसा या संयोजकाने लिहिला आणि त्या काळातल्या कितीतरी रचनांवर पाकोच्या जोडीला तोर्रेग्रोसा यांचंही नाव कर्ता म्हणून लागलं. पाको 2014 मध्ये गेला. पुढे वारसांनी दाद मागितली, तेव्हा त्या रचनांचा एकमेव कर्ता पाकोच, असा कौल माद्रिदच्या न्यायालयाने दिला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फ्लॅमेंको तुकड्यांपैकी एकाचा हा प्रवास! आपल्यापैकी जे कुणी टॅबच्या तळाशी वॉटरमार्क मारतात, त्यांनी ही हकीकत एकदा सावकाश वाचावी. लिहून काढणं हे कष्टाचं काम आहे, कौशल्याचंही आहे, पण तेवढ्याने संगीत आपलं होत नाही.

गंमत म्हणजे ‘कागद नाही तर हक्क नाही’ ही अडचण फक्त स्पेनची नव्हती. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्याच अशी होती, की चाल छापलेली किंवा लिहिलेली हवी. ज्या देशात शेकडो वर्षं तोंडी तालीम चालली, तिथे हा निकष! 1994 च्या दुरुस्तीने तो बदलला. आता संगीत न लिहिताही संगीतकृती ठरतं, स्वरलेखन हा त्याचा एक भाग. नोंदणीची सक्ती इथेही नाही आणि स्पेनमध्येही नाही. त्यामुळे ‘त्याने कुठे रजिस्टर केलंय?’ हा प्रश्न विचारून सुटका होत नाही.

आता मुदतीबद्दल. इथेच आपला सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि थोडं गणित केलं तर हाती घबाडही लागतं.

भारतात संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क टिकतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. स्पेनमध्ये सध्याचा नियम 70 वर्षांचा, पण जे 7 डिसेंबर 1987 पूर्वी गेले त्यांना 1879 च्या जुन्या कायद्याची 80 वर्षं लागू राहतात. रामोन मोंतोया माद्रिदमध्ये 1949 साली गेले. आधुनिक फ्लॅमेंको एकलवादनाचा पाया त्यांनी घातला. 1936 मध्ये पॅरिसला त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं म्हणजे आपल्यासाठी बाराखडीच. त्यांच्या रचनांवरचा हक्क भारतात 2009 च्या अखेरीस संपला. स्पेनमध्ये तो 2029 च्या अखेरपर्यंत आहे. म्हणजे मोंतोयांची सोलेआ, रोंदेन्या, ग्रानाइना हे सगळं आपण इथे बसून ऐकून लिहू शकतो, छापू शकतो, वर्गात वाटू शकतो. फक्त तीच लिंक उघडून स्पेनमधल्या एखाद्याने उतरवून घेतली, तर त्याच्या देशात आणखी थोडी वर्षं ते चालत नाही, एवढं भान ठेवायचं.

निन्यो रिकार्दो 1972 साली गेले. भारतात 2032 संपेपर्यंत थांबायचं, स्पेनमध्ये 2052. साबिकास 1990 मध्ये गेले, म्हणजे ते 70 वर्षांच्या नियमात आले. तिथे 2060, इथे 2050. पाकोच्या रचना इथेसुद्धा 2074 संपेपर्यंत बांधलेल्या आहेत. तोवर आपल्यापैकी बरेचजण नसतील, तेव्हा ‘जुनं झालंय आता’ ही सबब पाकोपुरती तरी विसरूया.

नावामुळे होणारी एक फसगत इथेच सांगतो, कारण आपल्या फोल्डरमध्ये ती हमखास सापडते. ‘मालागेन्या’ हा फ्लॅमेंकोमधला एक पालो, म्हणजे सोलेआसारखाच एक प्रकार आहे, तो मोकळा. पण गिटार शिकणारं प्रत्येक पोर ज्या धूनला ‘मालागेन्या’ म्हणतं, ती बहुतेक वेळा क्युबाचे पियानोवादक-संगीतकार एर्नेस्तो लेकुओना यांची रचना असते. ती पियानोसाठी केलेली आणि 1920 च्या दशकातली. तिच्यावर ‘स्पॅनिश लोकधून’ लिहिणं म्हणजे लेकुओनांचा देश आणि वाद्यसुद्धा हिरावून घेणं. ते 1963 मध्ये गेले, म्हणजे भारतात ती 2024 पासून मोकळीच आहे. खुशाल वाटा, पण नाव लावून वाटा. मोकळी झाली म्हणजे निनावी झाली, असं कुठे असतं?

मुदतीचं हे गणित झालं रचनेपुरतं. एका पीडीएफमागे आणखी दोन हक्क दबा धरून बसलेले असतात. एक ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही कानाने ऐकून टॅब लिहिली तर ध्वनिमुद्रणाची नक्कल होत नाही, पण टॅबशेजारी ‘ऐकायला सोपं जावं’ म्हणून मूळ ट्रॅकची फाइल ठेवलीत की झाली. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून 60 वर्षं. मोंतोयांची 1936 ची ध्वनिमुद्रणं त्यातून कधीच सुटली, 1973 ची पाकोची मुद्रिका 2033 संपेपर्यंत नाही. दुसरा हक्क आधीच्या लिप्यंतरकाराचा, म्हणजे संगीत ऐकून लिहून काढणाऱ्याचा, किंवा रूपांतरकाराचा. स्पॅनिश संगीतकार आल्बेनिस 1909 साली गेले, त्यांचं ‘आस्तुरियास’ सगळ्या जगात मोकळं आहे. पण ते मुळात पियानोचं. गिटारसाठी स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियांनी केलेलं रूपांतर ही त्यांची स्वतंत्र कृती, आणि सेगोव्हिया गेले 1987 च्या जूनमध्ये. म्हणजे आल्बेनिसवर हात ठेवायला हरकत नाही, सेगोव्हियांच्या पानावर आहे. फ्लॅमेंकोतही फ्रान्स-स्पेनमधल्या जाणकारांनी वर्षानुवर्षं खपून केलेले लिप्यंतरांचे संग्रह बाजारात आहेत. त्यांची पानं स्कॅन करून, कडा कापून, ‘मी लिहिलंय’ म्हणून फोल्डरमध्ये टाकणं याला गोड नाव नाही. त्याला चोरीच म्हणतात.

‘अहो, पण आम्ही पैसे थोडेच घेतो?’ हे ऐकू आलं मला. पैसे न घेणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती परवानगी नव्हे. आपल्या कायद्याने स्वतःच्या अभ्यासासाठी मोकळीक दिलीय, टीका-समीक्षेसाठी दिलीय, आणि शिक्षक-विद्यार्थी यांच्यात शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रतींसाठीही दिलीय. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या दुकानावरून प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या शेवटच्या सवलतीचा अर्थ चांगलाच ऐसपैस लावला. तेव्हा कुणी रविवारच्या वर्गात चार पोरांना साबिकासची फाल्सेता लिहून दिली, तर माझ्या मते त्याने बिनधास्त झोपावं. मात्र तेच पान कुणालाही उघडता येईल अशा लिंकवर कायमचं ठेवलं, तर त्याला वर्ग म्हणता येत नाही. सीमारेषा धूसर आहे, मान्य. पण धूसर आहे म्हणून नाहीच, असं नव्हे.

‘युनेस्कोने फ्लॅमेंको मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलाय, मग ते सगळ्यांचंच की!’ हाही युक्तिवाद ऐकला. नोव्हेंबर 2010 मध्ये फ्लॅमेंको त्या यादीत गेलं, हे बरोबर. ती यादी परंपरा जपण्यासाठी आहे, कुणाच्या रचनांवरचे हक्क काढून घेण्यासाठी नाही.

एवढं कायद्याचं बोललो, तरी माझा खरा मुद्दा कायद्यात मावत नाही. दिएगो देल गास्तोर यांचंच बघा. मोरोन दे ला फ्रोंतेरा या गावात राहिलेला हा गिटारवाला 1973 मध्ये गेला. बाजारात त्यांची ध्वनिमुद्रणं जवळजवळ नाहीतच. नावासाठी धावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 1960 च्या दशकात अमेरिकेतले, युरोपातले तरुण मोरोनला येऊन राहिले, त्यांच्या मैफलींत टेप लावून बसले आणि त्या टेपांवरून फाल्सेता कागदावर उतरवू लागले. आज त्यांच्या बुलेरियासच्या फाल्सेता जगभर वाजतात, त्या त्यांच्या पुतण्या-भाच्यांमुळे आणि या परदेशी कागदांमुळे. त्या पोरांनी लिहिलं नसतं तर कितीतरी संगीत मोरोनच्या बाहेर पडलंच नसतं. म्हणून लिहिणाऱ्यांना नावं ठेवायची माझी अजिबात तयारी नाही. रशियन संगीतकार ग्लिंका 1845 च्या सुमारास ग्रानादाला आला, तेव्हा तोही तिथल्या एल मुर्सियानो या गिटारवाल्याचं वादन कागदावर पकडायला धडपडत होता. राफाएल मारीनने 1902 मध्ये स्वरलिपी आणि आकडे अशा दोन्ही पद्धतींनी फ्लॅमेंको गिटारचं शिक्षण छापलं. टॅब ही काही इंटरनेटची देणगी नाही. या परंपरेचे आपणही वारस आहोत आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

पण दिएगोंची फाल्सेता ‘मोरोनची पारंपरिक बुलेरिया’ या नावाने फिरू लागली की काय होतं? ज्या माणसाकडे ना तबकडी, ना करार, ना छापील पान, त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट आपण काढून घेतो. ज्यांच्यामागे मोठ्या कंपन्या आणि वकील आहेत, त्यांचं नाव पुसणं कुणाला परवडत नाही. पुसलं जातं ते गावातल्या हितानो (स्पेनमधल्या जिप्सी) घरांतल्या, कधी कचेरीची पायरी न चढलेल्या गिटारवाल्यांचं. म्हणून ‘पारंपरिक’ हा शब्द दिसतो तितका निरागस मला वाटत नाही.

आपल्या बंदिशींत निदान मुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचं टोपणनाव, असते. ‘सदारंग’ हा शब्द अस्ताई-अंतऱ्यात गुंफलेला असतो. नोटेशन करणाऱ्याने नाव गाळलं तरी गाणारा ते गातोच. भातखंड्यांनी खाँसाहेबांकडून मिळवलेल्या बंदिशी मराठीतून क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या, तेव्हा त्या मुद्राही आपोआप जपल्या गेल्या. स्वतः बांधलेल्या चिजांत त्यांनी ‘चतर’ अशी मुद्रा घातली. फाल्सेतेला शब्दच नाहीत. ती मुद्रा घालणार कुठे? तिच्या कर्त्याचं नाव टिकायला एकच जागा आहे, आपल्या पानाचा उजवा कोपरा.

आणि तिथे नाव कसं लिहायचं हे शिकायला स्पेनला जायची गरज नाही. जुन्या संगीत नाटकाचं कुठलंही छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि शेजारी ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द. लावणीवरून घेतली असो, कानडी पदावरून असो की एखाद्या ठुमरीवरून, उसनवारी उघड सांगून टाकलेली. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. तेव्हा कॉपीराइटची भीती होती म्हणून नव्हे, गाणाऱ्याला चाल कळावी म्हणून. आपल्यालाही तोच फायदा आहे. ‘सोलेआ, निन्यो रिकार्दो यांची फाल्सेता, अमुक गायकाच्या अमुक ध्वनिमुद्रणातून ऐकलेली, सेहिया (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) दुसऱ्या घरात, लेखन तमुक’ एवढं असलं की शिकणारा मूळ तबकडी शोधून काढतो, तुमचा एखादा स्वर चुकला असेल तर पकडतो, आणि तुमच्या पानापेक्षा ध्वनिमुद्रणावर जास्त भरवसा ठेवायला शिकतो. कर्ता ठाऊक नसेल तर ‘कर्ता अज्ञात, पेरिको देल लुनार यांच्या वादनातून’ असं लिहा. एखादी फाल्सेता चार घराण्यांत चार तऱ्हांनी वाजते म्हणून ती खरोखरच पारंपरिक वाटत असेल, तर ‘पारंपरिक’ जरूर लिहा, पण कुणाचं ऐकून हे लिहिलंत तेही शेजारी असू द्या.

ज्यांचे हक्क चालू आहेत त्यांच्या पूर्ण रचना आपण उघड्या लिंकवरून काढाव्यात, असं माझं मत आहे. सगळ्यांना पटेल असं नाही, वाद घालायला मी तयार आहे. त्याऐवजी विश्लेषणापुरते चार कोंपास द्या आणि त्यांत अंगठा कसा चालतो, आल्सापुआ (अंगठ्याने वर-खाली छेडणं) कुठे सुरू होते, मात्रा बारावर न संपता दहावरच कशी मिटते, हे लिहा. त्याचा उपयोग नुसत्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त. जे हयात आहेत त्यांना विचारा. स्पेनमधले बरेच गिटारवाले आपल्या रचनांची लिप्यंतरं आता स्वतःच विकतात. दोन पिझ्झांच्या पैशात काम होतं. चौघांनी मिळून एक विकत घ्यायची आणि चाळीस जणांना वाटायची, ही युक्ती मात्र पुढे आणू नका.

मोकळ्या संगीतात किती काम पडलंय हे बघितलं, तर बाकीच्या भानगडीत पडावंसंही वाटणार नाही. मी मोंतोयांपासून सुरुवात केली आहे. 1936 ची त्यांची रोंदेन्या सध्या हातात आहे. सहावी तार ‘रे’पर्यंत आणि तिसरी ‘फा शार्प’पर्यंत उतरवून लावायची, की तंबोऱ्यासारखी गिटार घुमायला लागते. जुन्या तबकडीचा वेग जरा इकडेतिकडे असतो, त्यामुळे सेहिया नेमकी कुठल्या घरात होती हे आधी ठरवावं लागतं. ते मोकळ्या तारा कुठे घुमतात त्यावरूनच ठरतं, कानाला दुसरा पुरावा मिळत नाही. ट्रेमोलोमध्ये दोन ठिकाणी खालचा स्वर खरखरीत बुडालाय. तिथे मी कंस टाकून दोन-दोन पर्याय लिहिलेत. पान येत्या आठवड्यात फोल्डरमध्ये टाकतो. उजव्या कोपऱ्यात रामोन मोंतोया, पॅरिस 1936, आणि खाली लहान अक्षरात लेखन करणाऱ्याचं नाव. ज्यांचा कान तयार आहे त्यांनी ते दोन कंस ऐकून कळवावेत. आणि जुन्या फायलींपैकी कुणाला आपापल्या पानांवरची नावं दुरुस्त करायची असतील, तर फोल्डर महिनाभर त्यासाठी उघडं ठेवायला हरकत नसावी. यादी करायला मी बसतो, दोघं-तिघं सोबत हवेत.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
पुण्यातला एक टॅब लिहिणारा